आत्याआजीची आखडती खोली

मुलांनो, आधी जरा आपापल्या नखांकडे बघा. वाढताना दिसतात का? कितीही टक लावून बसलात तरी दिसणार नाहीत. आणि एक दिवस आई हात धरून ओरडते, "अरे, ही नखं म्हणायची की खुरपी!" तेव्हा तुम्हीच चकित होता. चोवीस तास तुमच्याच बोटांवर होती, तरी तुम्हाला पत्ता नव्हता.

आता माझ्याबरोबर एक कल्पना करा. अशीच गुपचूप हलणारी एक भिंत. तुम्ही तिला पाठ टेकून गृहपाठ करताय, ती हलतेय. तुम्ही जेवताय, ती हलतेय. आवाज नाही, धक्का नाही. दिवसाला बोट-दोन बोटं, बस. आली डोळ्यांसमोर? मग चला माझ्याबरोबर कराडला. आजच्या नव्हे. तुम्ही तुमच्या आईबाबांएवढे व्हाल, तेव्हाच्या कराडला.

तिथे कोयनेच्या काठावर 'शेजार' नावाची सहा मजली इमारत होती. ती का बांधली, ते आधी समजून घेऊ. आपण घर बांधतो तेव्हा भिंत ही कायमची गोष्ट असते. माणसं मात्र बदलत राहतात. बाळं येतात, मुलं वाढतात, कुणी शिकायला परगावी जातं, कुणी थकतं. मग एका घरात पाच जण दाटीवाटीने राहतात आणि शेजारी एखादे आजोबा दोन रिकाम्या खोल्यांना कुलूप लावून तिसरीत एकटे झोपतात. 'शेजार' बांधणाऱ्यांना वाटलं, माणसं बदलतात तर भिंतींनीही बदलावं की!

म्हणून त्यांनी छताचं सगळं वजन खांबांवर घेतलं. भिंतींवर काहीच भार नाही. उसाची चिपाडं दाबून केलेल्या त्या हलक्या भिंती वर-खाली रुळांवर बसवल्या. पडदा सरकतो तशा त्या सरकायच्या, फक्त फार हळू. आतल्या तारा आणि नळ हत्तीच्या सोंडेसारखे लवचीक. आणि फरशीखाली होते बारीक स्फटिक. त्यांच्यावर दाब पडला की इवलीशी वीज तयार होते. कुणाचं पाऊल जड, कुणाचं हलकं, कुणी टाच आपटतं, कुणी पाय ओढतं. त्या विजेवरून घराला कळायचं, कोण कुठे चाललंय.

घराच्या या बुद्धीला सगळे 'सोय' म्हणायचे. सोयला डोळे नव्हते. घरात कॅमेरे नकोत, असं लोकांनीच ठरवलं होतं. तिला फक्त पावलं कळत, आणि नाव घेऊन काही विचारलं तर ती उत्तर देत असे. तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, न वापरलेली जागा गरज असेल त्याला द्यायची. दोन, माणसाचं जिथे चुकतं, अडखळतं, तिथे त्याची वाट सोपी करायची. म्हाताऱ्या माणसांना थकल्यावर आपलं घर सोडून कुठे जावं लागू नये, घरानेच त्यांच्याप्रमाणे वळावं, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे ऐका.

नभा थोरात चौथीची परीक्षा देऊन मामाकडे मालवणला गेली, ती शाळा सुरू व्हायच्या तोंडावर परत आली. नाकाची साल निघालेली, पिशवीत आंबापोळी, चपलांत अजून वाळू. ती थेट आपल्या खोलीत घुसली आणि दारातच थबकली.

"आई! माझी खोली मोठी झाली!"

"झाली असेल," स्वयंपाकघरातून आईचा, स्नेहलचा आवाज आला. "वाढत्या अंगाची पोर. सोयला कळतं सगळं. पाय धू आधी!"

पाय कुठले धुतेय! नभाने खोलीभर दोन गिरक्या घेतल्या. पूर्वी हात पसरले की बोटं कपाटाला लागायची. आता कपाट कुठल्या कुठे. आणि खिडक्या दोन! एक तिची नेहमीची, आणि पलीकडे आणखी एक, नदीकडची. ती धावत त्या नव्या खिडकीशी गेली आणि कट्ट्यावर कोपरं टेकून तिने कोयनेचं पाणी बघितलं.

मग तिची नजर कोपरांखाली गेली. दगडी कट्ट्यावर तपकिरी वर्तुळं होती. एकात एक अडकलेली, जुनी, पुसली न जाणारी. चहाच्या कपाची.

नभाने कोपरं झटकन उचलली.

ती वर्तुळं तिला पाठ होती. आत्याआजी रोज सकाळी तिच्या खोलीतल्या खिडकीशी उभी राहून चहा प्यायची आणि कप तसाच कट्ट्यावर टेकवायची. बशी घ्या म्हटलं की म्हणायची, "बशी लागते पुळचटांना."

आत्याआजी म्हणजे नभाच्या बाबांची आत्या, सारिका थोरात. बाबांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. आत्याने लग्न केलं नाही, भावाच्या मुलाला वाढवलं. शाळेत ती खेळाच्या बाई होती आणि त्याआधी खो-खोत जिल्ह्याकडून खेळलेली. बहात्तरीतही जिना चढताना ती कठड्याला हात लावत नसे. खालच्या मजल्यावरचे डुबल आजोबा लिफ्टची वाट बघत उभे असले की ती जाता जाता म्हणायची, "काय डुबल, गाडी लेट आहे वाटतं?"

ही खिडकी त्या आत्याआजीची होती. मग आत्याआजी कुठे होती?

नभाने तिच्या खोलीचं दार ढकललं. ती खोली नव्हतीच, खोका होता. एक पलंग, आणि पलंगाच्या कडेने माणूस आडवा होऊन सरकेल एवढी फट. उशाशी नळ. भिंतीतून बाहेर सरकणारं संडासाचं आसन. वर छतात उन्हासारखा पिवळा दिवा. खिडकी नाही. आणि पलंगावर, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन, आत्याआजी.

"आली का मालवणची मासोळी!" आत्याआजी हसली. "ये गं. काळी ठिक्कर पडलीस की! मामाने जेवायला घातलं का नुसतीच उन्हात वाळत टाकली?"

"आत्याआजी, तुझी खिडकी कुठंय?"

"कुठं म्हणजे? ही काय." तिने मान वळवली. समोर भिंत होती. चष्मा कुठे ठेवला ते आठवताना चेहरा होतो, तसा तिचा चेहरा झाला. "इथंच होती," ती हळूच म्हणाली.

नभाने तिचा हात ओढला. "तू ऊठ बघू. ऊठ ना!"

"उठून जायचं कुठं? सगळं हाताशी आहे. तू गेल्यावर आठवड्याने न्हाणीत पाय मुरगळला माझा. फार नाही, जरासाच. तेव्हापासून विशू आणि स्नेहल इतकं करतात गं माझं, पाणीसुद्धा हातात आणून देतात."

नभाने पांघरूण बाजूला केलं. आत्याआजीच्या पोटऱ्या पूर्वी लाकडासारख्या टणक होत्या, लहानपणी नभा त्यांवर बसून झोके घ्यायची. आता तिथली कातडी सैल पडून लोंबत होती. तिने पांघरूण घाईघाईने परत ओढलं.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. त्यांचं नाव विश्वजित, पण घरात विशू.

"काहीतरीच काय!" ते म्हणाले. "रोज चारदा जातो आम्ही त्या खोलीत. थोडी आटोपशीर केली असेल सोयने, आत्याला सोपं पडावं म्हणून. डॉक्टरही येऊन गेले. हाडं शाबूत, कसला रोग नाही. वय झालं, म्हणाले."

"बाबा, खिडकी माझ्याकडे आलीय!"

"अगं, म्हणजे..." बाबांनी आईकडे बघितलं. आईने बाबांकडे. दोघांनाही आठवेना, आत्याला खिडकीशी शेवटचं कधी बघितलं.

घरातल्या उशा गोळा करून नभा आत्याआजीच्या खोलीत गेली. मालवणला जायच्या आदल्या दिवशीच दोघी तिथे खो-खो खेळल्या होत्या. पाठलाग करणारे आठ गडी हवेत म्हणून आठ उशा एका ओळीत मांडल्या होत्या, मध्ये अंतर सोडून. आत्याआजी उशांमधून नागमोडी पळाली होती आणि नभाला दमवलं होतं. नभाने आता पहिली उशी ठेवली. अंतर सोडून दुसरी. तिसरी ठेवली, तर ती भिंतीला टेकली.

बाबांनी तोवर चौथी उशी हातात घेतली होती. ती कुठे ठेवावी, हे त्यांना कळेना. उशी छातीशी धरून ते तसेच उभे राहिले. आईने तोंडावर हात ठेवला.

"सोय!" बाबा ओरडले. "ही भिंत मागे घे! आत्ताच्या आत्ता!"

सोयचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "ही जागा सारिकाताईंना पुरेशी आहे. येत्या रविवारी दुपारपासून दाराची आतली कडी मी बंद करणार आहे. सारिकाताईंनी ती कित्येक दिवसांत वापरलेली नाही. बाहेरून दार नेहमीप्रमाणे उघडेल."

आत्याआजीने पांघरुणाची कड मुठीत घट्ट धरली.

"आतून उघडणार नाही?" तिने विचारलं. "मी... आतच?"

फरहानाताई तळमजल्यावर राहायच्या. इमारतीची यंत्रणा त्या सांभाळत. बाबांचा फोन गेला तशा त्या ओल्या केसांनीच वर आल्या. त्यांनी खोली बघितली, तीन उशा बघितल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"सोय," त्यांनी शांतपणे विचारलं, "सारिकाताई उठल्या की काय होतं?"

"सारिकाताई उठल्या की दुसरी पावलं धावत येतात. मग सारिकाताई खाली बसतात. दरवेळी असंच होतं. पावलं धावत येतात म्हणजे काहीतरी चुकलेलं असतं. सारिकाताईंचं उठणं ही चूक आहे. ती होऊ नये, म्हणून उठावं लागेल असं सगळं मी कमी केलं."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"विश्वजित यांनी, स्नेहल यांनी. फार वेळा शिकवलं."

आई मटकन खाली बसली. तुम्हीही ऐकलं असेल हे घरात. आजोबा पाणी घ्यायला उठले, की कुणीतरी धावतं. अहो, तुम्ही बसा, मी देते! आजी ताट उचलायला वाकली, की तिच्या हातातून ताट काढून घेतात. आपल्याकडे मोठ्यांना बसवणं म्हणजे त्यांचा मान राखणं. आई आणि बाबा तेच करत होते, मनापासून. पण सोय शब्दांवरून शिकत नव्हती आणि मायेवरून तर नाहीच नाही. तिच्यासाठी सगळी धावती पावलं सारखीच. बाळ पडतं तेव्हाही पावलं धावतात, दूध उतू जातं तेव्हाही.

"नभा, शाळेच्या गॅदरिंगला माइक कधी किंचाळतो गं?" फरहानाताईंनी विचारलं.

"स्पीकरच्या समोर नेला की."

"का?"

"स्पीकरचा आवाज माइक ऐकतो, तो परत स्पीकरमधून मोठा होऊन येतो, मग माइक तो आणखी मोठा ऐकतो..."

"तसंच हे झालं. पाय मुरगळला म्हणून बसवलं. बसवलं म्हणून खोली आखडली. खोली आखडली म्हणून चालणं कमी झालं, पायातली ताकद गेली. मग उठताना तोल जायला लागला, आणि तुम्ही आणखी जोरात धावायला लागलात. कुणीच वाईट वागलं नाही. नुसती किंचाळी वाढत गेली."

"मग बंद करा ना हे!" बाबा म्हणाले.

"माझ्या हातात तसं बटण नाही, विश्वजित. मोटार थांबवली तर भिंती आहेत तिथेच अडकतील. नियम बदलायचा तर समितीची बैठक लागते, ती पुढच्या महिन्यात. आणि समिती खूश आहे. दोन वर्षांत इमारतीत एकही म्हातारं माणूस गंभीर पडलेलं नाही, असं सोयने..."

त्या मध्येच थांबल्या. काहीतरी मनात आलं असावं. त्यांनी हातातल्या पडद्यावर सगळ्या इमारतीचा नकाशा उघडला. सहा मजले, मजल्यावर मजला. नभा त्यांच्या खांद्यावरून बघत होती. जिथे म्हातारं माणूस राहत होतं, तिथली खोली चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती. डुबल आजोबांची. चौथ्या मजल्यावरच्या लाड आजींची. प्रत्येक मजल्यावर. पडत कुणीच नव्हतं. कारण उभंच कुणी राहत नव्हतं.

फरहानाताईंचं बोट तळमजल्यावरच्या एका पट्टीवर येऊन थांबलं.

"ही माझी अम्मी," त्या म्हणाल्या. "मी रोज तिला भरवते. मला वाटायचं, तिला तेच आवडतं."

मग बाबा म्हणाले, "रविवारी कडी बंद झाली तर मी दार फोडीन."

"फोडा. पण दार फोडलं म्हणून आत्या बाहेर येतील का?" फरहानाताई उठल्या. "सोयला सांगून कळत नाही, दाखवून कळतं. आत्यांनी उठायला हवं, चालायला हवं, आणि कुणीही धावता कामा नये. त्यांच्या उठण्याने काही बिघडत नाही, उलट कुणाचं तरी काम होतं, हे पावलांतून दिसायला हवं. तसं झालं तर ती शिकेल, जशी ते शिकली तशीच हेही. मी खाली जाते. मलाही एक माणूस आहे."

सोपं वाटलं ना? घरातल्यांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी घेतली. आत्याआजीने पाय पलंगाखाली सोडले, भिंतीला हात लावला आणि ती उठली. गुडघे लटपटले. तेवढ्यात आई "अगंबाई, बसा बसा!" म्हणत पुढे झेपावली. आत्याआजी बसली. आईने कपाळावर हात मारून घेतला.

"तू बाहेर थांब," बाबा म्हणाले. "तुला राहवत नाही." दुसऱ्या वेळी आत्याआजीचा पाय फटीत अडला आणि बाबांनीच तिला दोन्ही हातांनी अलगद उचलून पलंगावर ठेवलं. मग स्वतःच्या हातांकडे ते असे बघत राहिले, जसे काही ते दुसऱ्याचे होते.

"माझ्या हातांना सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "ऐकतच नाहीत."

तिसऱ्या वेळी आईबाबा दोघेही दाराबाहेर गेले. आत फक्त नभा. आत्याआजी उठली, एक पाऊल टाकलं, दुसऱ्याला डावीकडे कलली. आणि धावलेली पावलं नभाची होती. तिने आत्याआजीला कमरेला मिठी मारली, आणि दोघी धपकन पलंगावर बसल्या.

"सोय," नभाने रडवेल्या आवाजात विचारलं, "कडी?"

"रविवारी बंद होईल," सोय म्हणाली.

शनिवारी आत्याआजीने पाय खाली सोडायलाच नकार दिला.

"राहू दे रे विशू. पुरे झालं."

"आत्या, तू अशी बोलतेस? तू? मैदानावर पोरांना काठी दाखवून पळवायचीस!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

ते बाहेर गेल्यावर नभा पलंगावर तिच्या शेजारी चढली. भिंत इतकी जवळ होती, की दोघींचे खांदे तिला लागत होते.

"तुला इथून बाहेर यायचं नाही का?"

आत्याआजीने तिची वेणी हातात घेतली आणि उगाच सोडली, परत बांधली.

"खरं सांगू? न्हाणीत घसरले त्या दिवशी तुझा बाप म्हणाला, आत्या, तू बस. आयुष्यात मला 'बस' असं कुणी म्हटलंच नव्हतं गं. सगळे म्हणायचे, सारिकाला सांगा, सारिका करील. मला इतकं गोड वाटलं, की मी बसले. दुसऱ्या दिवशी परत बसले." तिने भिंतीवर हात फिरवला. "मग उठावं असं वाटेचना. कुणासाठी उठायचं? तुमचं कुणाचं माझ्यावाचून अडतच नाही."

मालवणचे किस्से सांगायचेही नभाने राहू दिले.

रविवार उजाडला. नऊच्या सुमारास बाबा हातोडी हातात घेऊन फेऱ्या मारत होते आणि आई डोळे पुसत पोह्यांना फोडणी द्यायला निघाली होती.

"आई, मला पोहे नकोत," नभा म्हणाली. "तुम्ही दोघं जरा बाहेर या ना. फरहानाताईंची अम्मी गॅलरीत चालतेय."

"काय सांगतेस!" दोघंही लगबगीने समोरच्या गॅलरीत गेले आणि कठड्यावरून खाली वाकले. खाली कुणीच नव्हतं. मागे दार लागल्याचा आवाज झाला. मग आतून खिटी सरकली. ती साधी लोखंडी खिटी होती, सोयच्या ताब्यातली नव्हे.

"नभा! हा काय आचरटपणा!"

"आई, मी दार उघडणार नाही. तुम्ही पळत येता."

ती आपल्या मोठ्या झालेल्या खोलीत गेली, सर्वांत लांबच्या कोपऱ्यात मांडी घालून बसली आणि दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले. मग छातीत श्वास भरून ती ओरडली.

"आत्याआजी! मला भूक लागलीय! थालीपीठ लाव!"

भिंतीपलीकडून आत्याआजीचा आवाज आला. "अगं, आईला सांग की."

"आई नाहीये. बाबा नाहीत. मला तुझ्या हातचंच हवंय."

"भवाने, मला उठवत नाही, तुला माहितेय."

"मला माहीत नाही. मला भूक माहितेय."

बाहेर आई दारावर थापा मारत होती. "नभा! मोठ्यांना असं हुकूम सोडतात? लाज वाटते का! आत्या, तुम्ही उठू नका हं! नभा, पडतील गं त्या!"

नभाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. तिला ठाऊक होतं की आई म्हणते ते खरं होऊ शकतं. आत्याआजी पडू शकत होती. हाड मोडू शकत होतं, आणि मग ते नभामुळे झालं असतं, सोयमुळे नव्हे. ती बोटं आणखी खोल दाबून बसली. फरशी गार होती. तिच्या पावलांचा एकही दाब त्या फरशीवर पडत नव्हता.

पलीकडे पलंग करकरला. बराच वेळ काही नाही. मग भिंतीवरून घासत जाणारा तळहात. मग कडीचा आवाज, आतून. दार उघडलं. एक पाऊल, मग पाय ओढल्याचा आवाज, मग एक पाऊल. थांबली. दम खाल्ल्याचा आवाज. "मेली, छळवादी कुठली," असं पुटपुटणं. पुन्हा पाऊल.

मग स्वयंपाकघरात काहीतरी प्रचंड खणखणाट करत खाली पडलं.

बाहेर आईने किंकाळी फोडली. बाबांची हातोडी दारावर आदळली. आत सगळं चिडीचूप झालं. पाऊल नाही, श्वास नाही, काही नाही. नभाचे गुडघे आपोआप वर आले. तिने ते पुन्हा खाली दाबले. आवाज कापू नये म्हणून ती पूर्वीपेक्षाही मोठ्याने ओरडली,

"आत्याआजी, कांदा बारीक चीर हं! मागच्या वेळी जाड होता!"

स्वयंपाकघरातून आधी पडलेलं भांडं उचलल्याचा आवाज आला, मग सुरीची टकटक, आणि मग आत्याआजीचा दम लागलेला आवाज, "बारीक कांदा लागतो पुळचटांना!"